पाच वाजून दहा मिनिटांपर्यंतचा सिनेमा

जगदेव खिराडे याने बावीस वर्षांत चारशेच्या आसपास सिनेमे थेटरात बसून पाहिले, आणि त्यांतल्या एकाचाही शेवट पाहिला नाही.

यात जगदेवचा दोष नाही. सिनेमाचाही नाही. वाशिमच्या थेटरात शनिवारचा खेळ तीनला लागतो. आधी जाहिराती, मग तंबाखू कशी वाईट ते, मग पुन्हा जाहिराती. सिनेमा संपेपर्यंत पावणेसहा होतात. जऊळक्याला जाणारी पॅसेंजर मात्र पाच पंचवीसची. थेटर ते स्टेशन पायी बारा मिनिटं, जगदेवच्या गुडघ्याने चौदा. म्हणजे पाच दहाला उठायचं. नायक विहिरीच्या काठावर असो, कोर्टात असो की बोहल्यावर असो, पाच दहाला जगदेव पिशवी उचलणार.

गाडी रोज उशिरा येते, हे खरं. पण किती उशिरा येईल ते कोणी सांगत नाही, आणि ज्या एका शनिवारी जगदेव सहा मिनिटं जास्त बसला, नेमकी त्याच शनिवारी ती वेळेवर आली आणि वेळेवर गेली. तेव्हापासून त्याने पुन्हा तो प्रयोग केला नाही. मग जीपने यावं, असं कुणी म्हणेल. ज्याच्या खिशात रेल्वेचा महिन्याचा पास आहे तो माणूस असं म्हणत नाही.

शनिवार का? कारण जगदेव वाशिमच्या एका खाजगी शाळेत कारकून, आणि शनिवारची शाळा सकाळची. आणि सोबत जमशेद असायचा. जमशेद हा जऊळक्याचा शिंपी, जगदेवच्या गल्लीतला, भिंतीला भिंत. तो शनिवारी अस्तर, बटणं, चेन असला माल घ्यायला वाशिमला यायचा.

आता खरी गोष्ट. पाच पंचवीसची गाडी जऊळक्याला पोचेपर्यंत अर्धा-पाऊण तास जायचा, आणि त्या वेळात दोघे मिळून सिनेमाचा शेवट करायचे.

"माप झालं, कटिंग झालं, शिलाई बी झाली," जमशेद म्हणायचा. "आता काज-बटनच राह्यलं भाऊ. ते आपण लावून टाकू."

जमशेदला न्याय लागायचा. ज्याने वाईट केलं त्याचं वाईट झालंच पाहिजे, आणि तेही जऊळक्याच्या आउटर सिग्नलच्या आत. जगदेवला समेट लागायचा. दोघांचं भांडण व्हायचं, समोरच्या बाकावरचा एखादा अनोळखी माणूस तिसरं मत द्यायचा, आणि फलाट लागेपर्यंत शेवट तयार. मग जगदेव घरी येऊन तो गोजराबाईला सांगायचा.

गोजराबाई म्हणजे त्याची बायको. तिला अर्धशिशी. थेटरातला अंधार आणि आवाज तिला चालत नाही. टीव्हीवरचा सिनेमा नऊला लागतो आणि साडेनऊला तिचे डोळे मिटतात. त्यामुळे तिने जे काही सिनेमे पाहिले ते नवऱ्याच्या तोंडून. संध्याकाळी ती भाजी निवडत बसणार, हा पाटावर बसून सांगणार. ऐकताना ती कधी "मंग?" म्हणायची, कधी नुसतीच हातातली जुडी खाली ठेवायची. ऑफिसात जगदेवला कुणी काही विचारत नसे. मुख्याध्यापक "खिराडे, शिक्का मारा" एवढंच बोलायचे. मुलगा पुण्याला, तो फोनवर "आईला द्या" म्हणायचा. साऱ्या जगात "मंग?" म्हणणारं माणूस एकच होतं, आणि जगदेव शेवट जुळवायचा तो त्या एका "मंग?"साठी.

दुसऱ्या दिवशी ती गोष्ट गल्लीतल्या बायकांत जायची. म्हणजे स्टेशन रोडच्या साऱ्या बायकांना चारशे सिनेमांचे शेवट पाठ होते. ते कुठल्याही दिग्दर्शकाने घेतलेले नव्हते.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते मोबाईलवाल्या मुन्नामुळे.

मुन्नाचं स्टेशनसमोर मोबाईलचं दुकान. त्याने गल्लीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केला होता, आणि त्यावर सकाळी फुलं आणि संध्याकाळी पाणी कधी येणार याची चौकशी यापलीकडे काही येत नसे.

"जगदेवभाऊ," मुन्ना म्हणाला, "तुमी पिक्चरबद्दल मत टाकत जा न. लोकं इचारतात मले, जावं का नाई."

"माह्या मतानं कोण जाते रे?"

"टाकून तर पाहा."

जगदेवने टाकून पाहिलं. पहिला निरोप दोन मिनिटं अकरा सेकंदांचा होता, त्यात पहिली चाळीस सेकंदं नुसता घसा साफ करण्यात गेली. पण मत सरळ होतं. नायक बरा, नायिकेचं काम चांगलं, गाणी दोन जास्त, मधे एक मारामारी विनाकारण. आणि शेवटी, काहीतरी बोलून थांबावं म्हणून, तो म्हणाला, "शेवट मात्र कोणी चुकवू नका."

हे वाक्य इतकं जमून गेलं की पुढे प्रत्येक निरोपात ते आलं.

दोन महिन्यांत ते निरोप मालेगावला गेले, अनसिंगला गेले. बाजारात एक माणूस जगदेवचा आवाज ऐकून मागे वळला. "तुमी ते शेवटवाले न?" जगदेव त्या दिवशी दोनदा भाजी घ्यायला गेला.

मग सल्ले. शेजारी म्हणाला आवाज जरा जाड काढा. समोरची म्हणाली, माझ्या भावजयीचं नाव घ्या एकदा. एकाने सांगितलं तोंडासमोर रुमाल धरून बोला, म्हणजे वारा लागत नाही; जगदेवने धरला, तर लोकांनी तब्येतीची चौकशी केली. जमशेदने सल्ला दिला नाही. तो फक्त म्हणाला, "भाऊ, आतलं गिऱ्हाईक वेगळं, रस्त्यावरचं वेगळं." जगदेवने ते ऐकलं नाही. ऐकलं असतं तर ही कथा इथेच संपली असती.

*

मा. सचिव साहेब यांचे सेवेशी,

विषय : खाजगी वेळेत पाहिलेल्या चित्रपटांबद्दल मत बाळगण्यास व ते इतरांस सांगण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, मी आपल्या संस्थेत कनिष्ठ लिपिक या पदावर असून मला शनिवारी दुपारी मत होत असते...

(समासात, हिरव्या शाईने : "मत बाळगण्यास हरकत नाही. सांगण्याबाबत समक्ष चर्चा करावी. — उदयसिंग")

*

उदयसिंग हे संस्थेचे सचिव. त्यांच्या जावयाने जगदेवचा निरोप ऐकला होता आणि सासऱ्यांना विचारलं होतं की तुमच्या शाळेतला कारकून हे कोणाला विचारून करतो. जावयाने विचारलं म्हटल्यावर उदयसिंगांना उत्तर शोधणं भाग होतं, म्हणून त्यांनी आधी अर्ज मागवला आणि मग जगदेवला समक्ष बोलावलं.

"खिराडे, मत चांगलं असते तुमचं. पण संस्थेले त्याचा फायदा काय?"

जगदेवला कधी कुणी "तुमचं मत चांगलं असते" असं खुर्चीवरून म्हटलं नव्हतं. तो विरघळला. म्हणाला, "साहेब, एखादा संस्कारी पिक्चर पालकाईले दाखवू. जऊळक्याच्या शाखेत. मी निवडतो."

"कोणता?"

इथे कथेला थोडं थांबवावं लागेल. कारण "कोणता" हे जगदेवने ठरवलंच नाही. ते गोजराबाईने ठरवलं.

चार वर्षांपूर्वी एक सिनेमा आला होता, दोन भावांचा. एकच शेत, एकच विहीर, वाटणीवरून अबोला. पाच दहाला जगदेव-जमशेद उठले तेव्हा धाकटा हातात कंदील घेऊन विहिरीकडे निघाला होता. त्या दिवशी गाडी सिग्नलला वीस मिनिटं अडकली, म्हणून शेवट जरा सावकाश झाला. मोठा भाऊ सकाळी धाकट्याच्या दारी जातो. बोलत काहीच नाही. ओट्यावर बसतो आणि प्यायला पाणी मागतो. एवढंच.

गोजराबाई ते ऐकून उठली आणि आत गेली. तिचा आणि तिच्या धाकट्या बहिणीचा, अनसिंगच्या सुंदरबाईचा, नऊ वर्षांचा अबोला होता. आईच्या पितळी घंगाळावरून. घंगाळ कुणी घ्यावं यावरून नव्हे, ते कुणी ठेवून द्यावं यावरून; दोघींनाही ते नको होतं आणि दोघींनाही ते दुसरीने टाकून दिलेलं चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोजराबाई एकटी अनसिंगला गेली, बहिणीच्या ओट्यावर बसली आणि म्हणाली, "पानी दे वं." सुंदरबाईने पाणी आणलं, तांब्या हातातच राहिला आणि ती रडली.

तेव्हापासून दोघी दर पंधरवड्याला भेटतात.

"तोच लावा," गोजराबाई म्हणाली. "सुंदरीले बी बोलावतो. शाळेत खिडक्या हायेत, डोकं नाई दुखणार. मले पाह्याचा हाय तो पानी मांगते तो सीन."

आणि जगदेव हो म्हणाला! माणूस चार वर्षं एकच शेवट सांगत राहिला की तो त्याला डोळ्यांनी पाहिल्यासारखा वाटू लागतो. त्या क्षणी जगदेवला शपथेवर विचारलं असतं तरी त्याने तांब्याचा आकार सांगितला असता.

पत्र निघालं. जावक क्रमांक पडला. मुन्नाने बॅनर केलं: "संपूर्ण कौटुंबिक चित्रपट. निवड : श्री. जगदेव खिराडे, शेवटवाले." खाली मुन्नाच्या दुकानाचं नाव, वरच्या ओळीपेक्षा मोठं.

कार्यक्रमाला सहा दिवस असताना जमशेदची सून उमेरा शिवलेला ब्लाउज द्यायला आली. गोजराबाई नळावर गेली होती, जगदेव घरी इस्त्री करत होता. अकोल्याची पोरगी, मोबाईलवर सिनेमे पाहायची, आणि पाहायची ती शेवटपर्यंत. तिला तिथे कोणती गाडी पकडायची नव्हती.

"चाचा, तो लावून राह्यले का तुमी? पोट्ट्याईसमोर?"

"काहून? संस्कारी हाय."

"अवो चाचा, त्याच्यात लहाना भाऊ मोठ्याले विहिरीत ढकलते न. वरून गोटे टाकते. मंग त्याच विहिरीचं पानी पेते. तिथंच संपते."

जगदेव उभा होता, तो बसला. बसला ते चुकीच्या ठिकाणी, म्हणजे इस्त्रीच्या टेबलावर. इस्त्री नुकतीच बंद केली होती, पण नुकतीच.

*

आता धावपळ.

सोमवारी जगदेव उदयसिंगांकडे. साहेब, पिक्चर बदलू. का? साहेब, जरा पाण्याचा विषय आहे. पाण्याचा विषय तर चांगला, जलसंवर्धन होईल. साहेब, दुसरा लावू. खिराडे, जावक क्रमांक पडला. रद्द करायचं तर कारण द्या, लेखी. कारण लेखी देता येईना. खाली बसून जगदेवने तीन कागद लिहिले. तिन्हींत "सदर चित्रपटाचा शेवट अर्जदाराने पाहिला नसल्याने" इथपर्यंत हात जायचा आणि थांबायचा.

मंगळवारी मुन्नाकडे.

"मुन्ना, शेवटचा अर्धा घंटा कापून टाक."

"कापाले येते भाऊ. पण कापणार नाई."

"काहून?"

"बॅनरवर संपूर्ण लिहलं हाय. खाली दुकान कोनाचं हाय? लोकं म्हणतीन मुन्ना अर्धा माल देते."

बुधवारी जमशेदने मार्ग काढला. जमशेद तीन रात्री झोपला नव्हता असं तो म्हणत होता. उमेरा म्हणाली, झोपतात, घोरतात. मार्ग असा की बरोबर वेळेला लाईट जावी. जऊळक्यात लाईट जाणं यात नवल नव्हतं. तिला वेळेवर जायला लावणं हे नवल होतं. दोघे लाईनमन पवनकडे गेले.

"लाईट घालवाले काही लागत नाई," पवन म्हणाला. "पण अमुक वाजता घालव म्हणान तर ते जमन का सांगता येत नाई. आजपर्यंत कोनी टाईम इचारलाच नाई."

"पवनभाऊ, इज्जतीचा सवाल हाय."

"कोनाच्या?"

जगदेवने जमशेदकडे पाहिलं. जमशेदने आभाळाकडे.

गुरुवार, शुक्रवार. जगदेव घरात एका जागी बसेना. ताटावरून उठून मीठ आणायला जायचा, मीठ ताटात असायचं. दर तासाला तो गोजराबाईसमोर येऊन उभा राहायचा, तोंड उघडायचा, आणि "पाणी आलं का नळाले" असं काहीतरी विचारून परत जायचा. गोजराबाई ठेवणीतली साडी उन्हात टाकत होती. सुंदरबाईचा फोन आला की ती मोठ्याने हसायची. बावीस वर्षांत जगदेवने बायकोला सिनेमाला जाण्याच्या आनंदात कधी पाहिलं नव्हतं. तो आनंद इतका मोठा असतो हे ठाऊक असतं तर त्याने शेवट असे सैल हाताने केले नसते, किंवा केलेच नसते, किंवा, जाऊ द्या. शनिवार आला.

*

शाळेचं सभागृह. दीडशे माणसं. पुढे उदयसिंग आणि जावई. तिसऱ्या रांगेत गोजराबाई आणि सुंदरबाई, एकमेकींच्या मांडीला मांडी लावून, मधे शेंगदाण्याची पुडी. मागच्या दोन रांगांत स्टेशन रोडचे सगळे पुरुष. हेही शनिवारी वाशिमला सिनेमाला जाणारे आणि पाच पंचवीसने येणारे. मधे बाकीच्या बायका, त्यांत उमेरा. दाराशी जगदेव, खिडकीशी जमशेद, बाहेर खांबापाशी पवन.

सिनेमा सुरू झाला. चांगला होता. ते एक जगदेवचं मत खरं होतं.

कंदील दिसला आणि जमशेदने खिडकीतून रुमाल हलवला. पवनने आपल्या आयुष्यात पहिल्यांदा काम वेळेवर केलं. सभागृहाचे पंखे थांबले, दिवे गेले, आणि पडद्यावरचा धाकटा भाऊ कंदील घेऊन तसाच चालत राहिला.

"इन्व्हर्टर!" उदयसिंग वळून म्हणाले. "मागच्याच महिन्यात बसवला. खास असल्याच कार्यक्रमासाठी." सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

आणि मग ते झालं, जे जऊळक्याशिवाय दुसऱ्या कुठल्या गावात होणार नाही. मागच्या दोन्ही रांगांतले पुरुष उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. घड्याळात पाच दहा झाले होते आणि पडद्यावर सिनेमा चालू होता; एवढं त्या पायांना पुरलं. कुणी पिशवी चाचपली, कुणी पास चाचपला, कुणी "चला चला, सिग्नल पडला असन" म्हणाला. गाव आपलंच आहे, गाडी कुठेच पकडायची नाही, हे त्यांच्या लक्षात यायच्या आत ते दारापर्यंत पोचले होते. पुरुष उठले हे पाहून बायका उठल्या. बायका उठल्या हे पाहून उदयसिंगांचे जावई उठले आणि म्हणाले, "छान होता."

जगदेवला वाटलं, वाचलो. त्याने दोन्ही हातांनी दार सताड उघडलं. "या या. चहा बाहेर हाय."

"बसा सारे!" हा आवाज गोजराबाईचा. "कोठी चालले? पानी मांगते ते अजून यायचं हाय!"

दीडशे माणसं बसली. धाकटा विहिरीवर पोचला.

पुढच्या पंचवीस मिनिटांचं वर्णन नको. उमेराने सांगितलं होतं तेवढंच झालं, फक्त गोटे जास्त होते. शेवटी धाकट्याने पोहरा वर ओढला, ओंजळ भरली, प्याला. पडदा काळा.

मग गोजराबाई उठली.

"हे डुप्लिकेट हाय," ती म्हणाली.

मुन्ना प्रोजेक्टरमागून बाहेर आला. "काय काकू?"

"डुप्लिकेट हाय हे. असलीत असं नाई. असलीत मोठा भाऊ दारी जाते. ओट्यावर बसते. पानी मांगते. साऱ्या गल्लीले माहीत हाय."

"हो माय, पानी मांगते," एक बाई म्हणाली. "तांब्या पितळेचा असते," दुसरी. "तांब्या नाई वं, लोटी," तिसरी. वीस-पंचवीस बायका साक्षीला उभ्या राहिल्या. प्रत्येकीने तो शेवट पाहिला होता, म्हणजे गोजराबाईकडून.

"मुन्ना, कोठून आनला रे हा? सस्तात घेतला असन."

"माय कसम काकू, असली हाय..." मुन्ना म्हणाला. बॅनरवरचं दुकानाचं नाव त्याच्या डोक्यावरच होतं. मागून कुणीतरी म्हणालं की मुन्ना चार्जरही असेच देतो.

"ह्याईले इचारा," गोजराबाईने दाराकडे हात केला. "ह्याईनं थेटरात पाह्यला. डोयानं पाह्यला. सांगा न वो."

दीडशे माना वळल्या. जन्मात कधी इतक्या लोकांना एकदम जगदेवचं मत हवं झालं नव्हतं.

एक शब्द पुरे होता. "डुप्लिकेट." गोजराबाई जिंकली असती, बायका जिंकल्या असत्या, ओट्यावरचं पाणी खरं राहिलं असतं. बुडाला असता तो मुन्ना, आणि मुन्ना तरुण होता, पुन्हा वर आला असता. जगदेवने मुन्नाकडे पाहिलं. उमेराकडे पाहिलं, ती काही बोलणार नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं. मग तिसऱ्या रांगेत.

"मी पाह्यला नाई," तो म्हणाला.

"काय?"

"शेवट. मी पाह्यला नाई. पाच पंचवीसची गाडी होती."

उदयसिंग उभे राहिले. "म्हणजे खिराडे, तुम्ही जे मत देता..."

"पाच दहापर्यंतचं असते साहेब."

"अन् ते पानी?" गोजराबाईने विचारलं.

"ते गाडीत केलं. मी अन्..." तो थांबला.

"अन् मी," खिडकीशी उभा जमशेद म्हणाला. "काज-बटन माह्याकडचं हाय भाभी. तांब्या बी माहाच."

मागच्या दोन रांगांतले पुरुष आपापल्या चपलांकडे पाहत होते.

गोजराबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. तिने शेंगदाण्याची पुडी नीट दुमडली आणि कमरेला खोचली.

*

घरी. गोजराबाई खाटेवर, सुंदरबाई तिच्याशेजारी, जगदेव उभा.

"तो डॉक्टर?" गोजराबाईने जुने सिनेमे एकेक करून काढले.

"कोन्ता?"

"आंधया पोरीले घेऊन गावात परत येते तो."

"माहीत नाई. आला का नाई ते."

"ती मास्तरीन?"

"तिची बदली झाली तवा आमी उठलो."

"तो कुत्रा?"

"जिता होता," जगदेव घाईने म्हणाला. "पाच दहापर्यंत पक्का जिता होता."

सुंदरबाईने पदर तोंडाला लावला. ती रडते आहे असं जगदेवला वाटलं. ती हसत होती. "भाऊजी, त्या पान्याच्या भरोशावर मी नऊ वर्साचा अबोला सोडला. आता कसं करू? पुन्हा धरू का?"

"चूप बैस वं," गोजराबाई म्हणाली. "ते मी मांगतलं होतं. तुह्या दारी कोन आलं होतं, हे का मी?"

मग नवऱ्याकडे न पाहता: "लोकाईसमोर खोटं नाई बोलले, तेवढं बरं केलं. घरात बावीस वर्सं बोलले, त्याचं पाहू."

ते पाहणं आठवडाभर चाललं. ती वाढायची, हाक मारायची, पण काही विचारायची नाही. ग्रुपवर जगदेवने काही टाकलं नाही. मुन्नाने बॅनर धुऊन दुकानावर सावलीला लावलं, "शेवटवाले" हा शब्द आतल्या बाजूला जाईल असं. उदयसिंगांनी परवानगी मागे घेतली नाही, कारण ती दिलीच नव्हती असं दप्तरात निघालं.

पुढच्या शनिवारी जगदेव जाणार नव्हता. जमशेदने ओढून नेलं. सिनेमा होता एका बाईचा. नवरा संशयी, सासरा जमीनदार, दीर तिच्या बाजूचा की विरुद्ध ते कळत नव्हतं. पाच दहाला ती अंगणात उभी होती, एका बाजूला तिघे, दुसऱ्या बाजूला माहेरचे दोघे काठ्या घेऊन. दोघे उठले. गाडीत बसले. समोरच्या बाकावरच्या माणसाने आपणहून विचारलं, "मंग पुढं?" दोघांनी खिडकीबाहेर पाहिलं. पाऊण तासात एक अक्षर नाही.

घरी गोजराबाई मेथी निवडत होती. जगदेव हातपाय धुऊन पाटावर बसला. उठला. पुन्हा बसला.

"कोन्ता होता?" ती म्हणाली.

त्याने सांगितलं, अंगणापर्यंत. मग थांबून म्हणाला, "इथपर्यंतच पाह्यला."

"मंग?"

आठ दिवसांनी तो शब्द आला होता. जगदेवची जीभ आपोआप सैल झाली. "मंग म्हणजे... मले वाटते सासऱ्याले समज येते. जमशेद म्हणन नवऱ्याले जेल झाली पाह्यजे."

"थांबा." तिने जुडी खाली ठेवली. "सारे अंगनात हायेत न?"

"हो."

"मागचं दार उघडं असन मंग."

"असन."

"ती मागच्या दारानं चालली जाते," गोजराबाई म्हणाली. "चपला बी नाई घालत, आवाज होईन म्हनून हातात घेते. हे लोकं भांडून राह्यले अंगनात, तिच्यासाठी. अन् ती तिथं हायच नाई."

बावीस वर्षं, चारशे सिनेमे, न्याय आणि समेट. मागचं दार दोघांपैकी एकालाही दिसलं नव्हतं.

"कोठी जाते?" त्याने विचारलं.

"तिले माहीत हाय."

"पण तुले तर माहीत असन न? स्टेशनवर जाते का? माहेरी? तिचं माहेर तर अंगनातच उभं हाय. मंग कोठी?"

"मी नाई सांगत," ती म्हणाली आणि मेथी घेऊन आत गेली. आत फोडणी तडतडली. जगदेव दारापर्यंत गेला, दोनदा खाकरला, परत आला, अंगणात गेला. भिंतीवरून त्याने जमशेदला हाक मारली आणि सगळं सांगितलं. जमशेदने हातातलं कापड बाजूला ठेवलं.

"चपला हातात?"

"हातात."

"अन् गेली कोठी?"

"सांगत नाई."

जमशेदने दोन्ही कोपरं भिंतीवर टेकली. मग म्हणाला, "भाऊ, असं करू. उद्या इतवार हाय. गाडी गेली तर गेली, जीपनं येऊ. जाऊ वाशिमले, बसू पुरे तीन घंटे, अन् एकदाचा पाहून येऊ शेवट."

"तो घेऊन मी काय करू?" जगदेव म्हणाला. "थेटरातला कोनाले पाह्यजे? मले हिचा पाह्यजे." आणि तो पुन्हा स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला. "ऐकलं का वं? मंग?"